मोडलेला तुकडा आधी बघा: माल कुठला आणि जॉब कसा बनवायचा, हे ठरवताना

बेळगावच्या उद्यमबागेत माझं मशीनकामाचं शेड आहे. दोन लेथ, एक मिलिंग आणि एक म्हातारा शेपर, ज्याला आता कुणी विचारत नाही, खरं विकवतही नाही. मार्च महिना आला की इंजिनिअरिंगची प्रोजेक्टवाली पोरं ड्रॉइंग घेऊन दारात उभी असतात. मटेरियलच्या रकान्यात बहुतेक वेळा ईएन-२४, म्हणजे भारीतलं मिश्रपोलाद, लिहिलेलं असतं. का, म्हणून विचारलं तर, ‘स्ट्राँग असतंय की, सर.’ बाकी कुणी काही सांगत नाही. त्या पोरांना चहा पाजून जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी संकेश्वरकडचे एक गुऱ्हाळवाले चरकाचा तुटलेला शाफ्ट पोत्यात गुंडाळून घेऊन आले. ऐन हंगाम, ऊस तोडून पडलेला. ‘मालक, ह्याच्यापेक्षा भारीतलं लोखंड घाला, खरं उद्या संध्याकाळी पायजे.’ मीही घाईत. तुकडा नीट बघितलाच नाही. ईएन-२४ चा रॉड आणला, रात्री बसून टर्निंग केलं, पैसे घेतले. दीड महिन्यात तो शाफ्ट त्याच जागी मोडून परत आला.

मग शाफ्टचं मोडलेलं तोंड केरोसीनने धुऊन उजेडात धरलं. एका कडेपासून शिंपल्यावर असतात तशा बारीक अर्धगोल रेषा निघाल्या होत्या आणि तेवढा भाग घासून गुळगुळीत झालेला. उरलेला पाव भाग खरखरीत, दाणेदार. म्हणजे एका दणक्यात मोडला नव्हता. प्रत्येक फेऱ्याला केसभर चिरत गेला आणि शेवटी उरलेल्या तेवढ्याशा लोखंडाला भार झेपला नाही. चीर सुरू झाली होती ती ७० मिलिमीटरचा व्यास ६० वर उतरतो त्या खांद्यात. तिथे मी टोकदार टूलने अगदी काटकोन काढला होता. सगळा ताण अशा कोपऱ्यात गोळा होतो आणि भारी, कडक पोलाद असल्या खाचेला जास्तच हळवं असतं.

तिसरा शाफ्ट साध्या ईएन-८ चा, म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादाचा, केला. कोपऱ्यात ४ मिलिमीटरची गोलाई दिली. त्या गोलाईवर बेअरिंग खांद्याला टेकत नव्हतं, म्हणून आतली कड तिरकी कापलेली (चॅम्फर काढलेली) एक रिंग मध्ये घातली. चावीच्या गाळ्याचे, म्हणजे पुली अडकवायची चावी बसते त्या खाचेचे, कोपरेही गोल केले. तो शाफ्ट अजून चालतोय. माल स्वस्त झाला, आयुष्य वाढलं, आणि दुसऱ्या शाफ्टचे पैसे मी परत केले.

म्हणून ड्रॉइंग उघडण्याआधी माझा प्रश्न असतो: हा जॉब, म्हणजे बनवायचा भाग, मरणार कसा? मोडणार, वाकणार, झिजणार की गंजणार?

वाकण्यात फार गफलत होते. ‘शाफ्ट लवतोय, ईएन-२४ घालू या का?’ नको. भार काढल्यावर शाफ्ट सरळ होत असेल तर त्या लवण्याला पोलादाची जात जबाबदार नसते. साधं माइल्ड स्टील घ्या नाहीतर महागडं मिश्रपोलाद, ताठपणा जवळपास सारखाच, २०० ते २१० गिगापास्कल. व्यास ४० चा ४५ करा, ताठपणा ६० टक्के वाढतो, कारण तिथे व्यासाचा चौथा घात लागतो. नाहीतर बेअरिंग जवळ आणा. शाफ्ट वाकून तसाच राहत असेल तर मात्र पोलाद बदलायचा विचार करा. साध्या माइल्ड स्टीलच्या प्लेटला (आयएस २०६२, ई-२५०) २५० मेगापास्कल ताणाच्या आसपास कायमचा बाक येतो. टेम्पर केलेलं ईएन-१९ किंवा ईएन-२४ मिश्रपोलाद त्याच्या दुपटीहून जास्त सोसतं.

झिजणाऱ्या जॉबला वरची कातडी कडक लागते, आतलं काळीज नाही. गिअर, पिन, कॅम यांना २०एमएनसीआर५ हे कमी कार्बनचं पोलाद घेऊन कार्बन मुरवून हार्ड केलं की वर ५८ ते ६२ रॉकवेल कडकपणा आणि आत चिवटपणा मिळतो. एवढा खर्च झेपत नसेल तर ईएन-८ इंडक्शनने, म्हणजे विजेच्या कॉइलने वरवर तापवून, हार्ड करा. माइल्ड स्टील नुसतं तापवून पाण्यात बुडवून काही होत नाही, त्यात हार्ड होण्याइतका कार्बनच नाही. हे दर वर्षी कुणीतरी करून बघतंच. एकमेकांवर घासणाऱ्या दोन भागांत एक मुद्दाम मऊ ठेवा, म्हणजे शाफ्टभोवतीचा बुश (गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूची बाही) झिजेल, शाफ्ट वाचेल. नायलॉनचा बुश स्वस्त आणि बिनतेलाचा चालतो, खरं तो पाणी पिऊन फुगतो. आमच्या खानापूरच्या पावसात घट्ट बसवलेला नायलॉन बुश जाम होऊन बसलेला बघितलाय, तेव्हा फट जरा जास्त सोडा.

आता बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कास्ट आयर्न. आपण बीड म्हणतो, कानडीतही बीडूच. नवी पोरं त्याला हलकं समजतात. लोखंडाबद्दलचा अविश्वास इथे नवा नाही म्हणा. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकता विकता नांगराकडे वळले, तेव्हा लोखंडी नांगराने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेत नव्हते. पुढे १९१० मध्ये ते कुंडल रोडला गेले, ती आजची किर्लोस्करवाडी. बीडाचं एवढंच लक्षात ठेवा: ते दाबाला दणकट, ओढायला कमजोर. एफजी-२६० ही बीडाची जात म्हणजे ओढल्यावर २६० मेगापास्कलला तुटणार. दाबात मात्र त्याच्या तिप्पट-चौपट सोसतं. आतल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे हादरा जिरतो, म्हणून लेथचा बेड बीडाचा. पुली, हाऊसिंग, पंपाची बॉडी बीडात करा. धक्का बसणारा, ताणला जाणारा भाग नको. तिथे एसजी आयर्न, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांसारखं असतं ते चिवट ओतीव लोखंड. ५००/७ म्हणजे ५०० मेगापास्कल आणि तुटण्याआधी ७ टक्के लांबणार. ओतकामाचा माल आला की हातात लोंबकळत धरून हातोडीने टिचकी मारा. एसजी घंटेसारखं वाजतं, साधं बीड भदकन. ग्रॅफाइटच्या गोळ्या करणारं मॅग्नेशियम कमी पडून बिघडलेली एक लॉट मी अशी टिचक्या मारून परत पाठवलीय.

भंगारातला किंवा बिनखुणेचा रॉड असेल तर ग्राइंडरला लावून ठिणगी बघा. माइल्ड स्टीलची ठिणगी लांब, सरळ, फाटे कमी. कार्बन वाढला की फुलबाजीसारखी फुटते. बीडाची आखूड, लालसर. स्टेनलेसला मात्र चुंबक लावून खात्री करू नका. २०२ ही स्वस्त जात आणि ३०४ ही भारी, दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत, आणि ३०४ च्या भावात २०२ गळ्यात मारणारे बाजारात आहेत. टेस्ट सर्टिफिकेट मागा.

पद्धत ठरते ती आकारावर आणि नगावर. परवा एकाने फ्लँज, म्हणजे जोडणीची चकती, आणली: व्यास २०० मिलिमीटर, जाडी १५, मागे ६० व्यासाचा हब (मधला गळा), एकूण लांबी ६०, भोक ३५. अखंड रॉडमधून काढायची म्हणे. वहीवर मांडून दाखवलं: रॉडचा तुकडा १४.८ किलो, तयार जॉब ४.२ किलो. साडेदहा किलो कीस! एकच नग हवा असेल तर प्लेट कापून त्यावर हब वेल्ड करा आणि मग टर्निंग करा. पन्नास हवे असतील तर पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, करून बीडात ओता. हिशोब साधा. समजा पॅटर्नला १२ हजार गेले आणि ओतल्यामुळे नगामागे ६०० वाचले, तर विसाव्या नगाला पॅटर्न फिटला. वेल्ड करायचं असेल तर माल माइल्ड स्टीलच ठेवा; ईएन-८ किंवा ईएन-२४ आधी न तापवता वेल्ड केलं की शिवणीच्या कडेला चीर जाते, कधी दुसऱ्या दिवशी दिसते.

ओतायचं असेल तर पॅटर्नवाल्याकडे ड्रॉइंग पेन्सिलीतलं असतानाच जा. बीड गार होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, पोलाद त्याच्या दुप्पट, ते तो पाहून घेईल. तुम्ही एवढं करा: भिंतींची जाडी सारखी ठेवा. जाड-बारीक भिंती मिळतात तिथे आत पोकळी राहते, आणि ती आपल्याला कळते ती शेवटचं भोक पाडताना, सगळी मजुरी घातल्यावर.

टॉलरन्सचं, म्हणजे मापात किती कमीजास्त चालेल त्याचं, एकच सांगतो. ६२०६ बेअरिंग बसतं त्या ३० व्यासाला के-६ द्या, म्हणजे ०.००२ ते ०.०१५ मिलिमीटर जास्त. त्याला ग्राइंडिंग लागणार, लागू दे. शेजारच्या मोकळ्या व्यासाला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो, तिथेही तोच आकडा लिहिला तर माझ्या टर्नरचा अर्धा दिवस जातो आणि बिल तुमच्या बापाला येतं. हार्डनिंगला जाणाऱ्या शाफ्टवर व्यासात ०.३ तरी जास्त ठेवा, तो भट्टीत थोडा पिळवटतोच. आणि आषाढात तयार जॉब नेणार असाल तर येताना तेलाचा फडका घेऊन या. इथल्या हवेत घासलेलं बीड एका रात्रीत तांबडं होतं, मग मला फोन करून माल खराब होता म्हणू नका.