बी.फार्मचं कॉलेज निवडताना 'निकाल १०० टक्के' कसा तपासायचा

सीईटीचा निकाल लागला की वाकडपासून वाघोलीपर्यंत फ्लेक्स लागतात, 'फायनल इयर बी.फार्म, निकाल १०० टक्के', खाली टॉपर्सचे फोटो, आणि मग आमच्या नात्यातले लोक मला फोन करतात की बाई तू फार्मसीवाली ना, सांग कुठलं कॉलेज टाकू. तर एकदाच लिहून टाकते.

तो आकडा खोटा नसतो बरं का. पण शेवटच्या परीक्षेला जे बसले त्यातले किती पास झाले, एवढंच तो सांगतो. समजा पहिल्या वर्षाला १०० पोरं घेतली, ४० मधेच अडकली नाहीतर सोडून गेली, उरलेली ६० बसली आणि साठच्या साठ पास झाली, तरी निकाल १०० टक्केच लागतो. मी औषध कंपनीत क्यूएला म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्सला आहे, आमच्याकडे बॅच संपली की रिकन्सिलिएशन करावं लागतं, गोळ्या किती झाल्या, किती पॅक झाल्या, किती रिजेक्ट गेल्या, हिशोब जुळला नाही तर बॅच रिलीजच होत नाही. कॉलेजचा हिशोब तसाच मागायचा, आत किती गेले आणि चार वर्षांत बाहेर किती आले.

हे आत्ताच का एवढं बघायचं, तर कॉलेजं प्रचंड वाढलीत. फार्मसी कौन्सिलने म्हणजे पीसीआयने २०२०-२१ पासून पाच वर्षं नवीन कॉलेजं बंद असा ठराव केला होता, पण तो सप्टेंबर २०२२ मधे सुप्रीम कोर्टात टिकला नाही, कोर्ट म्हणालं की कॉलेज काढण्याच्या हक्कावर बंधन घालायचं तर कायद्याने घाला, नुसत्या ठरावाने नाही. कायद्याच्या दृष्टीने बरोबरच असेल, पण परिणाम असा की जागा भरायची घाई लागलेली कॉलेजं आहेत आणि कॅप राउंड म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या संपल्यावर इन्स्टिट्यूट लेव्हलला येईल त्याला घेतलं जातं. घ्यायला माझी अजिबात हरकत नाही, घेतल्यावर त्याला पास होण्यापर्यंत नेता का, एवढाच प्रश्न आहे.

आता काम कसं करायचं ते. कॉलेजच्या वेबसाईटवर जा आणि एनआयआरएफ असं लिहिलेलं पान शोधा, ते केंद्र सरकारचं कॉलेजांचं रँकिंग आहे. जे कॉलेज त्या रँकिंगमधे भाग घेतं त्याला भरलेली माहिती स्वतःच्या साईटवर ठेवावी लागते. रँक किती आला ते सोडून द्या, आतली पीडीएफ उघडा आणि प्लेसमेंट आणि हायर स्टडीजचं टेबल काढा. लोक त्यात फक्त पगाराचा मीडियन बघतात, पण खरा माल त्याच ओळीत आधी असतो, पहिल्या वर्षाला ॲडमिशन किती झाल्या, लॅटरल एंट्रीने किती आले आणि ठरलेल्या मुदतीत ग्रॅज्युएट किती झाले. लॅटरलवाले म्हणजे डी.फार्म करून थेट सेकंड इयरला येणारे, ते शेवटच्या आकड्यात धरलेले असतात पण पहिल्या आकड्यात नसतात, आणि भले भले इथेच फसतात. म्हणजे समजा २०१९-२० ला ९६ आले, २०२०-२१ ला लॅटरलने १० आले आणि २०२२-२३ ला मुदतीत बाहेर पडले ७४, तर ७४ भागिले ९६ करायचं नाही, १०६ ने भागायचं. ७७ टक्के वाटत होते ते ७० वर येतात. एका वर्षावर जाऊ नका, टेबलात जेवढी वर्षं असतील तेवढी करा, आणि कोविडच्या काळात परीक्षा ऑनलाईन एमसीक्यू झाल्या होत्या त्यामुळे त्या बॅचेसचे आकडे जरा फुगलेले असणार हे डोक्यात ठेवा.

कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकच्या रिपोर्टमधे पण पास पर्सेंटेज असतं, पण ते फायनल इयरला बसलेल्यांचंच, म्हणजे फ्लेक्सवालंच. एनबीए म्हणजे त्या कोर्सची वेगळी मान्यता असेल तर त्याच्या रिपोर्टमधे सक्सेस रेट मागा, तो ॲडमिशनपासून मोजतात.

एनआयआरएफ भरलंच नाही किंवा कॉलेज नवीन आहे आणि एकही बॅच बाहेर पडली नाही, तर मग सेकंड इयरला किती आणि थर्ड इयरला किती एवढं विचारा. पीसीआयचा नियम असा आहे की पहिल्या दोन सेमचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सेमला बसता येत नाही, आणि पहिल्या चार सेमचे सुटल्याशिवाय सातव्याला नाही. त्यामुळे वायडीची म्हणजे इयर डाऊन होऊन वर्ष वाया गेलेल्यांची गर्दी थर्ड इयरच्या दारात दिसते. सेकंड इयरला ११० आणि थर्डला ७० असतील तर मधल्या ४० जणांचं काय झालं हे ऑफिसात शांतपणे विचारा, भांडायचं नाही, उत्तर देताना समोरचा रजिस्टर उघडतो का 'पोरं अभ्यासच करत नाहीत हो' म्हणतो ते बघायचं.

आता दुसरी बाजू, कारण नुसता टक्का घेऊन कॉलेजला नावं ठेवणं पण बरोबर नाही. ज्या कॉलेजचा कटऑफ ९० पर्सेंटाइलच्या वर आहे त्याची पोरं वेळेत सुटणारच, त्यात कॉलेजचं कौतुक किती? ज्याच्याकडे ३० पर्सेंटाइलची, मराठी मिडियमची, घरात पहिल्यांदाच कॉलेजला आलेली मुलं येतात आणि तरी ६५ टक्के वेळेत बाहेर काढतो, तो मास्तर माझ्या मते जास्त शिकवतो. म्हणून तुलना करायची ती साधारण सारख्या कटऑफच्या कॉलेजांची, कॅपचे जुने कटऑफ सीईटी सेलच्या साईटवर मिळतात. आणि पीसीबीवाली बरीच मुलं बी.फार्मला नाव घालून मेडिकलची 'नीट' परीक्षा रिपीट करतात, नंबर लागला की वर्षभरात जातात, ती गळती कॉलेजच्या माथी मारू नका. स्वतःहून ॲडमिशन कॅन्सल किती आणि नापास होऊन अडकले किती, हे दोन आकडे वेगवेगळे मागा. डीम्ड किंवा ऑटोनॉमस कॉलेज स्वतःच पेपर काढतं स्वतःच तपासतं, त्याचा टक्का सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या पेपरवर पास झालेल्यांशी लावून काय कळणार, काहीच नाही.

इंटर्नल मार्कांवर मात्र नीट बोला, कारण कोण सुटणार आणि कोण अडकणार ते बऱ्यापैकी तिथे ठरतं. थिअरीचे १०० मार्क असतात, ७५ एंड सेमचे आणि २५ इंटर्नल, दोन्ही मिळून ५० लागतात. ज्याला इंटर्नलला २२ मिळाले त्याला पेपरात २८ पुरतात, ज्याला १० मिळाले त्याला ४० काढावे लागतात, तोच पेपर. त्या २५ मधले १५ सेशनलचे म्हणजे सेममधल्या कॉलेजच्या परीक्षांचे आणि १० वर्गातले, त्यातले ४ नुसत्या अटेंडन्सचे, ९५ टक्क्यांच्या वर असेल तर चारही, ८० ते ८४ असेल तर एकच, आणि ८० च्या खाली गेलात तर परीक्षेलाच बसता येत नाही. म्हणजे दौंडवरून रोज गाडीने येणारा, गाडी लेट झाली म्हणून पहिलं लेक्चर चुकवणारा पोरगा कॉलेजच्या होस्टेलवाल्याच्या तुलनेत आधीच दोन-तीन मार्कांनी मागे. म्हणून विचारा की पहिलं लेक्चर किती वाजता, सेशनल सुधारायची जी एक संधी नियमात आहे ती खरंच देतात का, आणि मॅथ्सवाल्यांना बायोलॉजी आणि बायोवाल्यांना मॅथ्स असे जे रेमेडियल विषय पहिल्या सेमला आहेत ते नीट शिकवतात का नोट्स झेरॉक्स करा म्हणतात.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रिन्सिपॉलच्या केबिनमधे चहा पिऊन परत येऊ नका. दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना जा. एका शिक्षकामागे २० च्या वर विद्यार्थी नसावेत असा प्रॅक्टिकलचा नियम आहे, दारातून मोजा. मग कँटीनला थर्ड इयरची मुलं गाठा आणि 'कॉलेज कसं आहे' असलं काही विचारू नका, सगळे 'चांगलंय' म्हणतात. विचारा, 'तुमच्या रोल नंबरमधले किती जण अजून सोबत आहेत?' किंवा 'ऑरगॅनिकला किती बॅक लागले?' मुलं बोटावर मोजून नावं घेतात, हा वायडी, ती लग्न होऊन गेली, तो मेडिकलवर काम करतो. फी कोण भरतंय हे पण घरी आधीच बोला, वायडीच्या वर्षी स्कॉलरशिपचं काय होतं ते कॉलेजच्या महाडीबीटी म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचं पोर्टल बघणाऱ्या क्लार्कला विचारून घ्या, कारण हुशार पण गरीब पोरं नापास होऊन कमी आणि त्या वर्षीच्या खर्चाने जास्त गळतात असं माझं मत आहे.

अमेरिकेत पण कॉलेजं अशीच वाढलीत, २००० च्या आसपास ८० च्या घरात असलेली फार्मसी कॉलेजं वीस वर्षांत १४० च्या वर गेली, पण तिथे मान्यता देणारी एसीपीई ही संस्था वेळेत ग्रॅज्युएट झालेल्यांचा टक्का सगळ्यांना दिसेल असा लावायला लावते. आपल्याकडे तो स्वतः काढायला लागतो. अगदीच कुठे मिळत नसेल तर विद्यापीठाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. नावं मागू नका, फक्त संख्या मागा, अमुक कॉलेजात अमुक वर्षी प्रथम वर्षाला नोंदणी झालेले विद्यार्थी किती आणि त्यातले चार वर्षांत सर्व विषयांत उत्तीर्ण किती, मुलं-मुली वेगळे आणि प्रवर्गानुसार. प्रवर्गाचा तक्ता मुद्दाम मागा, एकूण ७५ टक्के असतात आणि आरक्षित जागांवरच्या मुलांचे निम्मेच सुटलेले असतात असंही होऊ शकतं, एकूण आकड्यात ते दिसणार नाही.

हा माहिती अधिकाराचा अर्ज सीईटीच्या निकालाची वाट न बघता आधीच टाका, म्हणजे ऑप्शन फॉर्म भरायच्या आत उत्तर हातात असेल. पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज मिळालं की सीट ऑटो फ्रीज होते म्हणजे आपोआप पक्की होते, मग पुढच्या राउंडला जाता येत नाही, त्यामुळे नंबर एकवर काय टाकायचं ते हा भागाकार झाल्यावरच ठरवा.