सूट घ्यायचाय? आधी खांदा बघा

मुलाखत, पदवीदान, बँकेतली पहिली नोकरी, परिषदेत वाचायचा पेपर, यांपैकी कशासाठीही सूट घ्यायचं ठरलं की घरातले सगळे जाणकार होतात. रंगावर वाद, कंपनीवर वाद, दोन बटणं की तीन यावर वाद. शेवटी थोरल्यांपैकी कुणीतरी निकाल देतं, "जरा सैलच घे, पुढं अंग भरेल." शाळेच्या युनिफॉर्मला हे ठीक आहे. वाढत्या अंगाचा सूट नावाची वस्तू जगात नाही. ज्या दिवशी तो घालून समोरच्या माणसापुढं उभं राहायचंय, त्या दिवशीच्या अंगाला तो बसला पाहिजे. पुढचं पुढं.

रंग गडद निळा किंवा गडद करडा, कापड बिनचमकीचं. संपला विषय. काळा वकिलांना सोडा. रिसेप्शनला घेतलेला चकचकीत सूट मुलाखतीला चालत नाही. मुलाखतीचा रिसेप्शनला खुशाल चालतो.

कधी जायचं, कापड काय घ्यायचं

शिवून घेणार असाल तर आषाढ गाठा. लग्नं नसतात, शिंपी मोकळा असतो, तुमच्याशी दोन शब्द बोलायला त्याला वेळ असतो. दिवाळी जवळ आली की त्याच दुकानात शेरवानी आणि ब्लेझरचे ढीग पडतात. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, मग "परवा या" हे एकच उत्तर मिळतं. कॉलेजातल्या पोरांच्या प्लेसमेंट पावसाळ्यातच सुरू होतात, त्यामुळं हे गणित त्यांनाही जुळतं. निपाणीकर कोल्हापूर गाठतील, खानापूरकर बेळगावात येतील. बेळगावचा खडेबाजार काय नि कोल्हापूरचा महाद्वार रोड काय, कापड तेच असतं.

दोन तुकड्यांच्या सुटाला ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, तीन ते सव्वातीन मीटर कापड लागतं. अंगानं थोराड असाल किंवा चौकड्याचं कापड घेत असाल तर थोडं जास्त. निव्वळ पॉलिएस्टर घेऊ नका. बेळगावची हवा सुटाला तशी चांगली, डिसेंबरातल्या सकाळी तर कोट हवाहवासा वाटतो. पण मे महिन्यात किंवा पावसाळ्यातल्या दमट दुपारी पॉलिएस्टर अंगात ठेववत नाही. टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर मिसळलेलं कापड, घ्या, त्यात लोकरीचं प्रमाण जितकं परवडेल तितकं चढं, वजन चौरस मीटरला २४० ते २८० ग्रॅमच्या दरम्यान. मिश्रणाचं प्रमाण पुष्कळदा कापडाच्या काठावरच असतं. दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, काठ वाचा.

'सुपर १००', 'सुपर १२०' या आकड्यांना मात्र भुलू नका. तो आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे तेवढंच सांगतो. सुपर १०० म्हणजे सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १२० म्हणजे १७.७५ मायक्रॉनपर्यंत. बारीक तंतूचं कापड हाताला मऊ लागतं आणि लवकर झिजतंही. महिन्यातून दहादा घालायचा सूट असेल तर मोठ्या आकड्याचा हव्यास कशाला?

रेडिमेड की शिवलेला

रेडिमेड कोटावरचा आकडा छातीचा असतो आणि त्यासोबतची पँट बहुधा कंबरेला सहा इंच कमी असते. म्हणजे ४० च्या कोटाला ३४ ची पँट. तुमचं अंग या हिशेबात बसत असेल तर रेडिमेड घ्या, वेळ वाचेल. तालमीत जाणाऱ्या पोराची छाती ४२ आणि कंबर ३२ असते, त्यानं जोडी घेऊ नये. कोट वेगळा, पँट वेगळी, नाहीतर सरळ शिंपी.

खांदा

आता मुद्द्याचं. शिंपी मास्तर मराठी बोलोत की कन्नड, त्यांच्याकडनं आधी एवढं वदवून घ्या की कोटात काय बदलता येतं आणि काय येत नाही. कंबर दाबता येते. बाही आखूड करता येते. आत माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, सोडली असेल तर पँटची कंबर दीड-दोन इंचांनी वाढवता येते. खांदा कमी करायचा तर बाह्या उसवायच्या, कॉलर उघडायची, पॅड बदलायचं आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, नव्यानं कापायचा. एवढा खटाटोप अंगावर घेणारा मास्तर विरळा, आणि घेतला तरी बाहीची ठेवण पहिल्यासारखी राहत नाही. म्हणून रेडिमेड निवडताना आधी खांदा जुळवा. कंबरेला दोन इंच सैल असलेला, पण खांद्यात चोख बसलेला कोट घ्यायचा. कंबरेला मस्त आणि खांद्यात मोठा असलेला कोट तिथंच ठेवून यायचा, मग त्यावर कितीही सवलत असो.

खांदा बसलाय हे ओळखायचं कसं? कोट घालून भिंतीला एक बाजू लावून उभं राहा. दंडाआधी कोटाचं पॅड भिंतीला टेकलं तर खांदा मोठा. दोन्ही जवळजवळ एकदम टेकले तर बरोबर. मग आरशात बाहीचा वरचा भाग बघा. खांद्याची शिवण संपते त्याच्या जरा खाली खळगा पडला असेल, तर पॅड तुमच्या हाडाच्या पुढं लोंबतंय. शिवणीखालून दंडाचा फुगवटा बाहेर येत असेल तर खांदा लहान. मोठ्या खांद्याचा कोट समोरून रुबाबदार भासतो, बाजूनं बघितला की खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. आरशात आपण समोरूनच बघतो, म्हणून फसतो.

फसवणारेही असतात. भाच्याला घेऊन मी एका दुकानात गेलो होतो. त्यानं कोट चढवला, विक्रेत्या पोरानं लगबगीनं मागं जाऊन पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बघा काका, कसा चपखल बसला!" समोरून खरंच चपखल. मी मागं गेलो तर कंबरेवरचं मूठभर कापड त्याच्या मुठीत. "हात काढ बाळा," म्हटल्यावर कोट सुटला आणि खांदे दोन्हीकडं बोटभर खाली उतरले. विक्रेत्यानं पाठीला हात लावला की त्याला नम्रपणे पुढं बोलवायचं. शक्य असेल तर सोबत आलेल्याला मागून आणि बाजूनं मोबाइलवर फोटो काढायला सांगा. फोटोत जे दिसतं ते आरसा दाखवत नाही.

पण नुसत्या रुंदीनं भागत नाही. खांद्याला उतार असतो, आणि ही गोष्ट माझ्या टाळक्यात शिरायला फार दिवस गेले. दोन माणसांच्या खांद्याची रुंदी सारखी असली तरी एकाचा खांदा गळ्यापासून उतरत जातो आणि दुसऱ्याचा सपाट असतो. सरासरी उताराला धरून कापलेला कोट दोघांवरही बिघडतो, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं. सपाट खांद्याच्या माणसाच्या मानेखाली, कॉलरच्या बरोबर खाली, आडवी वळी पडते. उतरत्या खांद्याच्या माणसाला गळ्यापासून काखेकडं तिरक्या चुण्या पडतात. लोक समजतात इस्त्री नीट नाही. इस्त्रीनं त्या कधीच जात नाहीत. पहिल्याला मागून कॉलर थोडी खाली घ्यावी लागते, दुसऱ्याला पॅड जरा जाड करावं लागतं किंवा खांद्याची शिवण उचलावी लागते. दोन्ही कामं शिंप्याला येतात, सांगावं मात्र तुम्हालाच लागतं.

शिवाय बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो, पुष्कळदा ज्या हातानं काम करतो त्या बाजूचा. तिरक्या चुण्या एकाच बाजूला दिसल्या तर हेच कारण. त्या बाजूच्या पॅडला एक थर जास्त लावला की कोट सरळ दिसतो. यात लाजण्यासारखं काही नाही. सूट शिवून घ्यायचा तो यासाठीच.

तिसरी भानगड पाठीची. दिवसभर संगणकापुढं बसणाऱ्यांना थोडा पोक आलेला असतो. माप घ्यायला मास्तरांनी टेप काढला की हाच माणूस कवायतीला उभा राहावा तसा छाती काढून ताठ होतो. माप ताठ माणसाचं घेतलं जातं, कोट घालतो पोकवाला. परिणाम असा की पाठीवर कापड कमी पडतं, कोट मागून वर उचलतो आणि कॉलर मानेपासून सुटते. शर्टाची कॉलर आणि कोटाची कॉलर यांच्यामधनं बोट जाईल एवढी फट दिसली की समजायचं. तेव्हा मापाला नेहमी उभे राहता तसेच उभे राहा. श्वास रोखू नका, पोट आत घेऊ नका, मास्तरांशी गप्पा मारत राहा. खिशातला मोबाइल आणि पाकीट आधी बाहेर काढा.

कच्ची ट्रायल

कापड देतानाच विचारा, "मास्तर, ट्रायल कच्ची की पक्की?" पक्की ट्रायल म्हणजे कोट पूर्ण शिवून झालाय, काजं झालीत, आता फक्त तुम्ही "छान" म्हणायचं. ती ट्रायल नव्हे, डिलिव्हरी. कच्च्या ट्रायलीत कोट धावदोऱ्यानं जोडलेला असतो, निदान एक बाही आणि कॉलर पक्की झालेली नसते, मास्तरांच्या हातात खडू आणि टाचण्या असतात. खांद्याचं वर सांगितलेलं सगळं याच वेळी दुरुस्त होतं, नंतर नाही. कच्ची ट्रायल द्यायला जो तयार नाही त्याच्याकडं सूट टाकू नये. तो कितीही जुना असो, तुमच्या काकांचे कोट त्यानंच शिवलेले असोत.

ट्रायलीला जाताना जो शर्ट आणि जे बूट घालणार तेच घालून जा. टी-शर्ट आणि चपलांवर घेतलेली ट्रायल फुकट. कोट घातल्यावर बटण लावा, खुर्चीवर बसा, उठा, समोरच्याशी हात मिळवा, फोन कानाला लावा. हात वर केल्यावर कोट थोडा उचलला जाणारच. कॉलरनं मात्र मान सोडता कामा नये. सोडत असेल तर मुंढा खोल कापलाय. मुंढा खोल ठेवला की हात मोकळा राहतो, हा गैरसमज ग्राहकांइतकाच काही शिंप्यांचाही आहे. खरं उलटं आहे. काखेच्या जवळ बसणारा मुंढा हात हलवू देतो, खोल मुंढा हाताबरोबर अख्खा कोट ओढतो. दिवसभर फायली वर-खाली करणाऱ्या वकील मंडळींनी आपल्या काळ्या कोटाला हे आवर्जून सांगावं.

बाकीचं पटकन. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारखी चुणी पडली तर कोट घट्ट. खालचं बटण लावायचं नसतं. कोटाची लांबी बसायची जागा झाकेल इतकी. काही दुकानांत आखूड कोटाची फॅशन गळ्यात मारतात, ती घेऊ नका. हात सरळ सोडल्यावर कोटाच्या बाहीतून शर्ट अर्धा इंच दिसावा. शर्टाचीच बाही आखूड असेल तर कोटावर राग काढू नका.

पँट सोपी. बाजूचे खिसे आपोआप उघडे पडत असतील तर सीट घट्ट आहे. बुटावर एकच हलकी मोड पडावी, घोट्यावर वळ्यांचा ढीग नको. मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, आत दुमडताना दोन इंच माया ठेवायला सांगा, कंबरेतही. सूट अनेक वर्षं चालतो, कंबर नाही.

घरी आणल्यावर

कोटाच्या मागच्या चिरेवर फुलीचा पांढरा टाका असतो आणि रेडिमेडच्या बाहीवर कंपनीचं लेबल. दोन्ही कापून काढायची. लेबल मिरवत मुलाखतीला गेलेले इंजिनिअर मी पाहिलेत. उरलेलं कापड शिंप्याकडनं मागून घ्या, रफूला लागतं. ड्रायक्लीनला वरचेवर टाकू नका, ब्रशनं झटकून रुंद खांद्याच्या हँगरला लावा. पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवू नका, अधूनमधून सावलीत वाऱ्यावर धरा.

बेंगळूरला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं किंवा पुण्याला रात्रीच्या बसनं निघालात तर सूट अंगावर घालून जाऊ नका. कोटाचा डावा खांदा उलटा करा, उजवा खांदा त्याच्या आत सारा, म्हणजे अस्तर बाहेर येईल. मग कंबरेशी एकच घडी घालून बॅगेत सगळ्यात वर ठेवा. पोचल्यावर अंघोळीच्या वेळी गरम पाण्याच्या वाफेत कोट टांगला की बहुतेक घड्या उतरतात. उरलेल्यांवर इस्त्री फिरवायची तर मध्ये ओलसर सुती फडकं ठेवा. थेट फिरवली की कोपरावर आणि शिवणींवर चकाकी येते, ती सहजी जात नाही.