पणजोबांचा काडतूसपट्टा

खंडेनवमीला पणजोबांचा काडतूसपट्टा पूजेत ठेवतो. दरवर्षी त्याला खोबरेल चोळायची घरची पद्धत. यंदा उघडला तर पाचही कप्प्यांवर पांढरी पूड! बुरशीच समजलो. पण केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून धरली, आणि पांढरं पाहता पाहता विरघळलं. बुरशी विरघळत नाही. ती वर्षानुवर्षं मुरलेली चरबी होती. सुती फडक्यानं टिपून घेतली.

पितळी खुंट्यांभोवती हिरवा मेणचट थर होता. तेल आणि पितळेतलं तांबं एकत्र आलं की हा होतोच. बांबूच्या दातकोरणीनं हळूहळू खरवडला. पितळ मात्र चकाकवलं नाही; पॉलिश चामड्यात शिरतं.

तेव्हाच आतल्या बाजूला पुसट ठसा दिसला: बाणाचं टोक, खाली इंग्रजी 'आय'. म्हणजे भारतीय लष्करी भांडाराचा माल. घडण १९०३ च्या ब्रिटिश नमुन्याची, कप्प्यात दहा काडतुसं. पणजोबांच्या खांद्यावर पन्नास गोळ्यांचं ओझं असायचं, हे तेव्हा कळलं. हात थांबलाच माझा.

आता तेल पूर्ण बंद. कप्प्यांत आम्लविरहित कागदाचे बोळे भरून, सुती कापडात सैल गुंडाळून ठेवलाय. प्लास्टिकची पिशवी नाहीच. पूजेला हळदकुंकू शेजारच्या सुपारीवर वाहतो.