श्रीखंडाचा डबा गडावर नेताय? या चुका टाळा

रतनगडाच्या गुहेत रात्री सॅक उघडली, तर माझी स्लीपिंग बॅग शेंगदाण्याच्या तेलात न्हाऊन निघाली होती. खिचडीच्या फोडणीसाठी छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत पावशेर तेल घेतलं होतं. बाटली फुटली नव्हती, तिला कुठे चीरही गेली नव्हती. झाकण मात्र दुसऱ्याच बाटलीचं होतं. घरी ते दोन आटे फिरून घट्ट बसलं होतं, म्हणून मी पुढे पाहिलंच नाही. त्या बॅगेला पुढची दोन वर्षं भजीचा वास येत होता.

तरीही घरातल्या रिकाम्या डब्या-बाटल्यांतून ट्रेकचं सामान जमवायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली काट्यावर २५-३० ग्रॅम भरते. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली त्याच मापात सहज ४०० ग्रॅमच्या पुढे जाते. उन्हाळ्यात गडावर माणशी तीन-चार लिटर पाणी वाहावं लागतं, तेव्हा हा फरक खांद्यांना बरोबर कळतो. अमेरिकेतल्या एमा गेटवुड या आजीबाई १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब अ‍ॅपलेशियन ट्रेल एकट्याने चालल्या. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी होती आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. म्हणजे महागड्या दुकानावाचून अडत नाही.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. श्रीखंडाचा डबा फ्रीजमध्ये सरळ उभा राहण्यासाठी बनवलेला असतो. सॅकमध्ये तो उलटा होणार, त्यावर कोणीतरी टेकून बसणार आणि एसटीच्या टपावरून तो खाली फेकला जाणार, याचा विचार बनवणाऱ्याने केलेला नसतो. तो आपण करायचा.

झाकणांची अदलाबदल

सगळ्यात जास्त गळती इथेच होते, म्हणून इथे जरा थांबू.

शीतपेयांच्या बाटल्यांचं तोंड साधारण २८ मिलिमीटरचं असतं. पण त्यातही जुनी उंच मान आणि नवी बुटकी मान असे दोन प्रकार आहेत. उंच मानेचं झाकण बुटक्या मानेवर चढतं, फिरतं, घट्टही वाटतं, पण आतला रबरासारखा भाग बाटलीच्या ओठावर नीट टेकत नाही. पाण्याच्या काही बाटल्यांचं तोंड तर ३० मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यामुळे ‘कुठलंही निळं झाकण’ चालत नाही. बाटलीवर फिरवून बसवायचे छोटे फिल्टर मिळतात, तेही बहुतेक २८ मिलिमीटरचे असतात. फिल्टर विकत घेतलात तर घरी बाटलीवर बसवून, दाबून, पाणी काढून पाहा. गडावरच्या पाण्याच्या टाक्याच्या काठावर उभं राहून हा शोध लागला तर पाणी फडक्यातून गाळून प्यायची वेळ येते.

आणखी एक. पाण्याच्या बाटलीपेक्षा शीतपेयाची बाटली घ्या. आतल्या गॅसमुळे तिला हवेच्या तीन-चार पट दाब सोसावा लागतो, म्हणून तिच्या भिंती जाड असतात आणि बूड फुलाच्या पाकळ्यांसारखं वळवलेलं असतं. वजनात थोड्याच ग्रॅमचा फरक पडतो. पण पाण्याची पातळ बाटली घळीत कातळावर घासली की संपली, आणि शीतपेयाची बाटली माझ्याकडे एक-दोन मोसम आरामात टिकते. लिंबू-सोड्याची हिरवी बाटली असेल तर ती पाण्याला वापरू नका, हा मात्र निव्वळ माझा हट्ट आहे. गुहेच्या अंधारात पाणी गढूळ आहे की नाही ते त्यातून दिसत नाही.

तेल, शॅम्पू, सॅनिटायझर अशा गोष्टींच्या टिचकीच्या झाकणांची तऱ्हा निराळी. मुंबईत समुद्रसपाटीला बाटली बंद केलीत आणि कळसूबाईवर, १६४६ मीटरवर पोहोचलात, तर बाहेरच्या हवेचा दाब साधारण १७-१८ टक्क्यांनी कमी झालेला असतो. बाटलीतली हवा फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते. उपाय सोपा आहे: झाकण लावण्याआधी बाटली दाबून आतली हवा काढा. फिरकीचं झाकण असेल तर त्याखाली दुधाच्या पिशवीचा गोल कापलेला तुकडा ठेवा. टिचकीचं झाकण तेलासाठी नकोच.

घरची परीक्षा अशी घ्या: बाटली भरा, उलटी करून वर्तमानपत्रावर ठेवा, वर दोन जाड पुस्तकं टेकवा आणि झोपा. सकाळी कागद कोरडा असेल तर बाटली पास.

प्लास्टिकच्या बाटलीत उकळतं पाणी

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर थंडी वाजली की कोणीतरी शहाणा हे करतोच. पाणी उकळायचं, बाटलीत भरायचं आणि मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवायचं. कल्पना उत्तम, बाटली चुकीची. पाण्या-शीतपेयाच्या बाटल्यांचं प्लास्टिक ७०-७५ अंशांच्या आसपास मऊ पडतं. बाटली आक्रसते, मान वाकडी होते, झाकण सुटतं आणि पायाशी ऊब येण्याऐवजी पायावर फोड येतात.

बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, तो पाहायची सवय लावा. १ आकडा म्हणजे हीच बाटली, गरम पाण्याला बाद. २ हे जाडसर, दुधाळ प्लास्टिक, बरंच सोसतं. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, गरम पदार्थांना त्यातल्या त्यात चांगलं. ६ पासून दूर राहा, ते ठिसूळ असतं आणि गरमात टिकत नाही. पायाशी ठेवायची बाटली मात्र एकेरी भिंतीची स्टीलचीच बरी. तिचं वजन मी त्या एका रात्रीसाठी खुशाल वाहतो.

श्रीखंडाच्या डब्याकडून फार अपेक्षा

श्रीखंड-बासुंदीचे डबे, हॉटेलातून भाजी येते ते काळे डबे, यांतले बरेचसे ५ आकड्याचे असतात. वाडगा म्हणून त्यांना तोड नाही. त्यात जाड पोहे किंवा उपम्याचं रेडीमिक्स घाला, गरम पाणी ओता, टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, नाश्ता तयार. भांडं घासायला राख-माती शोधायची कटकट नाही.

इथे चुका दोन होतात. पहिली, पाणी ओतल्या ओतल्या झाकण पक्कं दाबायचं. वाफ झाकण उडवते आणि उपमा मांडीवर. झाकण नुसतं वर ठेवा. दुसरी चूक त्याच्या अगदी उलटी: घरून निघताना गरमागरम भात हवाबंद डब्यात भरायचा. थंड झाल्यावर आतली हवा आकसते आणि झाकण असं चिकटतं की चौघांनी ओढूनही निघत नाही. शिवाय आतल्या वाफेने भाकरी दुपारपर्यंत चिकट होते आणि भात आंबतो. आधी पूर्ण थंड करा, मग भरा. डब्याचं झाकण रुसलंच असेल तर डबा गरम पाण्यात दोन मिनिटं धरा, सुटतं.

आणि डाळ भिजवून शिजवायच्या भानगडीत त्या डब्यात पडू नका. कळसूबाईच्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं आणि डब्यात ओतेपर्यंत आणखी उतरतं. तूरडाळ त्यात भिजेल, शिजणार नाही.

ठेचा, लिंबाचं लोणचं, कोकम, दही हे ॲल्युमिनियमच्या डब्यात भरू नका. आंबट पदार्थ धातू खातात. प्लास्टिकच्या डब्यात भरलंत, तर तो डबा कायमचा ठेच्याचा झाला असं समजा. पुढच्या वेळी त्यात शिरा नेऊ नका.

डबड्याची चूल

शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनपासून स्पिरिटची चूल बनवण्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. चूल खरंच चालते आणि वजन जवळपास शून्य. तरी मी आता ती नेत नाही. कारण सांगतो.

दिवसा स्पिरिटची ज्योत दिसतच नाही. चूल विझली असं वाटून माणूस वरून आणखी स्पिरिट ओततो आणि आग धारेवरून थेट बाटलीपर्यंत चढते. चूल वापरायचीच असेल तर नियम एकच: विझल्याची खात्री करा, पण हात वरून फिरवून नव्हे; काडी किंवा सुकं गवत दुरून पुढे करून, आणि चूल पूर्ण गार झाल्यावरच पुन्हा भरा. कॅन हलका असल्यामुळे भांडं ठेवताच कलंडतो, म्हणून भांड्याला वेगळी तिवई हवी. गॅसच्या छोट्या सिलिंडरभोवती वाऱ्याच्या आडोशासाठी फॉइल गुंडाळणं तर त्याहून वाईट. उष्णता आत कोंडते आणि सिलिंडर तापत जातो. आडोसा वाऱ्याच्या बाजूलाच करा, सिलिंडर मोकळा ठेवा.

कॅनमध्ये चहा उकळायचा विचारही नको. त्याला आतून पातळ लेप असतो, तो आगीवर धरण्यासाठी नाही, आणि कापलेली कड ब्लेडसारखी. तुपाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात पाणी तापवणारे पाहिलेत. पाणी असेपर्यंत ठीक, पण पाणी आटलं की पत्र्यावरचा कथलाचा मुलामा २३२ अंशांना वितळतो.

मुख्य म्हणजे हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड हा सगळा पट्टा अभयारण्यात येतो. मार्च-एप्रिलमध्ये तिथलं गवत कसं असतं ते पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. पाचनई, बारी, रतनवाडी या पायथ्याच्या गावांत पिठलं-भाकरी मिळते. माझ्या मते सर्वात हलकी चूल ती.

बाटलीत आधी काय होतं, आता काय आहे

बाकीच्या चुकांनी ट्रेकचा विचका होतो. या चुकीने जीव जातो.

स्पिरिट रंगाने पाण्यासारखं असतं. पाण्याच्या बाटलीत भरलं, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलं आणि अंधारात तहानलेल्या कोणी तोंडाला लावलं, तर पुढचं सांगायला नको. त्यात मिथेनॉल असेल तर थोड्या प्रमाणातही डोळे जाऊ शकतात. म्हणून इंधन कधीही पाण्याच्या आकाराच्या बाटलीत भरू नका. चपटी, वेगळ्या रंगाची बाटली घ्या. तिला लाल चिकटपट्टीचे तीन वेढे मारा, म्हणजे अंधारात हातालाही कळेल. ती सॅकमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि गटातल्या प्रत्येकाला दाखवा. मार्करने लिहिलेलं नाव पुसलं जातं, त्यावर भिस्त नको.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. कीटकनाशक, फिनेल, ॲसिड यांचा डबा कितीही छान, कितीही घट्ट झाकणाचा असो, धुऊन-उन्हात वाळवून तो पाण्याला कधीच वापरायचा नाही. खताच्या पोत्यातली आतली प्लास्टिकची पिशवी सॅकच्या अस्तराला वापरणारेही आहेत. कपड्यांसाठी एक वेळ चालेल, पण भाकऱ्या त्यात नकोत.

औषधांच्या डब्या

गोळ्या पाकिटातून काढून कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत ओतल्या की डबी छान दिसते, पण गडावर रात्री दोन वाजता पांढरी गोळी तापाची की जुलाबाची हे कोणाला आठवत नाही. पाकीट कात्रीने कापा, पण नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शिल्लक राहील असं.

ओआरएसबाबतीत बाटलीचं माप चुकतं. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की मीठ-साखर दुप्पट दाट होते, आणि उलट्या-जुलाब झालेल्या माणसाला ते बाधू शकतं. बाटलीवर घरीच मापाने पाणी ओतून एक लिटरची आणि २०० मिलिलिटरची खूण करून ठेवा.

डीईईटी (DEET) हे रसायन असलेलं डास पळवणारं औषध दुसऱ्या बाटलीत ओतू नका. ते काही प्लास्टिक चक्क विरघळवतं. चष्म्याची काच आणि घड्याळाचा पट्टा यांनाही ते लागू देऊ नका.

पावसाळ्यात

दुधाची पिशवी धुऊन फोन ठेवायला उत्तम, पण पिशवी कोपऱ्यावर कापलेली असते आणि पाणी तिथूनच शिरतं. वरची कड सरळ कापा, दोन-तीन घड्या घाला, मग रबर लावा. सॅकवर बाहेरून कव्हर घातलं तरी पाठीवरून ओघळणारं पाणी आत जातंच. सॅकच्या आत जाड पिशवीचं अस्तर हवं. सिमेंटच्या विणलेल्या पोत्यातून पाणी आरपार येतं, हे लक्षात असू द्या.

वाटेतच गळायला लागलं तर

ओल्या बाटलीवर चिकटपट्टी चिकटत नाही. आधी ती कोरडी करा, शर्टाच्या आतल्या बाजूने पुसा, मग पट्टी ताणून दोन वेढे. पट्टी वेगळी वाहू नका, घरूनच बाटलीभोवती दोन मीटर गुंडाळून न्या. आटे ढिले असतील तर त्यावर मेणबत्ती घासा. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा दाबला तरी बरंच भागतं. बूड चिरलं असेल तर भांडण नको, वरचा भाग कापा: तोंडाकडचा अर्धा नरसाळं होतो, टाक्यातून अरुंद तोंडाच्या बाटल्या भरायला, पण कापण्याआधी आतलं पाणी उरलेल्या बाटल्यांमध्ये ओता. कापलेले दोन्ही तुकडे सॅकमध्ये टाका आणि पायथ्याला घेऊन या.