परग्रहवासीयांच्या चालीरीती कशा रचाव्यात

विज्ञानकथेच्या पहिल्या भागात परग्रहवासी नुसत्या रूपावर निभावून जातो. दहाव्या भागापर्यंत त्याला घर, सण, सोयरीक, सुतक असं सगळं लागतं.

आधी पंचांग मांडा. समजा ग्रहाचा दिवस 60 तासांचा आणि वर्ष 200 दिवसांचं. म्हणजे वर्षाचे 12,000 तास, आपले 500 दिवस. आपल्याकडचा चाळिशीचा गडी तिथं 29 वर्षांचा भरतो आणि तिथला ‘दर सात वर्षांचा’ विधी आपल्या हिशेबानं साडेनऊ वर्षांनी येतो. हा हिशेब आधी केला नाही, तर पुढं वयं आणि सण जुळत नाहीत.

मग टंचाई ठरवा, आणि ती एकच ठेवा. पाणी घेतलं तर भेट, जेवण, लग्न, मयत या चारही गोष्टी पाण्यापाशी आणून बघा. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे जड जाऊ नये. पाहुणा येताना स्वतःचं पाणी आणतो आणि यजमानाच्या रांजणात ओततो. ओतताना मोजणं अपमानाचं, पण डोळ्यांनी सगळेच मोजतात. लग्नात दोन घरांचे रांजण एकत्र करायचे. काडीमोड झाली की वाटणी कशी करायची, यावर एक अख्खा भाग निघतो.

सण रचताना मराठवाड्यातला येळवस हा शेतातला सण उलगडून बघा. मार्गशीर्ष अमावस्येला, रब्बी उभी असताना, लातूर-धाराशिवकडं घरंच्या घरं शेतात जातात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पाच पांडव म्हणून मांडलेले दगड, जेवायला भज्जी, उंडे, आंबील. आंबील पिकावर शिंपडतात आणि शेत नसलेल्यालाही जेवायला बोलावतात. काळ, जागा, हंगामातलं अन्न, बाहेरच्याला स्थान, हे सगळं यात आहे. शिवाय शिंपडताना म्हणायचे बोल असतात. त्यांचा अर्थ विचारला तर ‘पूर्वीपासून असंच म्हणतात’ एवढंच उत्तर बऱ्याचदा मिळतं. तुमच्या सणातही एक गोष्ट अशी बिनखुलाशाची राहू द्या. प्रत्येक प्रथेला कारण चिकटवलं की पात्रं गाईडसारखी बोलायला लागतात.

आता रीत मोडणारे घाला: एक तिला कंटाळलेला, एक तिच्यावर पैसे कमावणारा, एक दुसऱ्या खंडातला, ज्याच्याकडं ती नाहीच. अख्खा ग्रह लढवय्या किंवा अख्खा ग्रह व्यापारी, ही या लेखनातली सगळ्यात जुनी खोड. लढवय्यांनाही कुणीतरी भाकरी थापून देत असेलच की!

वही पहिल्या भागापासूनच ठेवा. रकाने पाच: प्रथा, कोण पाळतं, कोण मोडतं, कोणत्या भागात आली, कोणाच्या तोंडून कळली. शेवटचा रकाना सोडू नका. पात्रानं सांगितलेलं पुढं खोटं ठरवता येतं. निवेदकानं सांगितलेलं सहसा नाही.

तरी चूक राहिलीच, तर ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेतले क्लिंगॉन नावाचे परग्रहवासी बघा. 1967 साली ते आले तेव्हा त्यांचं कपाळ सपाट होतं. 1979 च्या चित्रपटात त्यावर उंचवटे आले. खरं कारण रंगभूषेचं. 1996 च्या एका भागात हा विषय निघाला, तेव्हा क्लिंगॉन पात्र एवढंच म्हणालं की हे आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. त्या एका वाक्यानं त्या चुकीचीच एक प्रथा बनली. कपाळं एका विषाणूमुळं बदलली होती, हा सविस्तर खुलासा मालिकेत 2005 मध्ये आला. मजा मात्र 1996 च्या उत्तरातच जास्त आहे.