मटणाच्या रश्श्यावरची चरबी काढायची सोपी ट्रिक

मंद आचेवर दोन-अडीच तास शिजवलेलं मटण मस्त लुसलुशीत होतं, पण वर चरबीचा जो थर येतो तो गरम असताना चमच्याने काढायला गेलं की निम्मा रस्साच वाटीत येतो, आणि मेंढीचं मटण असेल तर विचारूच नका.

म्हणून मी रविवारचं मटण शनिवारी संध्याकाळीच शिजवून ठेवते.

१. खांद्याचे हाडासकट तुकडे, हळद, मीठ, आलं-लसूण, पाणी. बस्स. वाटण आज घालायचं नाही, नाहीतर खोबऱ्याचं तेल आणि चरबी एक होते आणि उद्या चरबीबरोबर तर्रीही फेकावी लागते.

२. शिजलं की पसरट भांड्यात काढून पंख्याखाली गार करा, मग झाकून फ्रिजमध्ये.

३. सकाळी वर पांढरा, मेणासारखा थर घट्ट झालेला असतो. सुरीने कडेने सोडवला की पापुद्र्यासारखा अख्खा निघतो. एक टेबलस्पून म्हणजे साधारण ११५ कॅलरीज, आणि किलोभर मटणाला असे बरेच चमचे निघतात!

४. मग वाटण परतून त्यात हे मटण घाला, एक चांगली उकळी काढा.

थराखाली थलथलीत जेली दिसेल ती मात्र टाकू नका हां, ती हाडांतली-शिरांतली प्रथिनं आहेत, माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा तीच ओतून दिली होती.

फक्त रात्रभर ओट्यावर ठेवू नका, मुंबईच्या दमट हवेत मटण आंबतं. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे.