बी.एड. करताना फिनलंडच्या शाळा बघायला जाताय? मग आधी हे करा

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात असताना फिनलंडला एक्स्चेंजवर किंवा शाळा बघायला जायचा चान्स मिळाला की घरातले सगळे जॅकेट, बॅगा आणि व्हिसाच्या मागे लागतात. ते लागतंच, पण जी तयारी खरी उपयोगी पडते ती तुमच्या आत्ताच्या सराव शाळेत बसून करायची असते. त्याबद्दल खाली जरा जास्त लिहिलंय, आधी बाकीचं उरकून घेऊ.

पहिलं म्हणजे तारखा. तिथल्या शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात आणि जूनच्या सुरुवातीला सुट्टी लागते. आपली परीक्षा संपवून निवांत जून-जुलैत जाऊ असं बरेच जण म्हणतात, पण तेव्हा गेलात तर रिकाम्या इमारती बघून परत याल. ऑक्टोबरच्या मध्याला साधारण आठवडाभर शरद ऋतूची सुट्टी असते, नाताळची सुट्टी 6 जानेवारीच्या आसपास संपते, आणि फेब्रुवारी-मार्चमधली स्कीइंगची सुट्टी प्रत्येक भागात वेगळ्या आठवड्यात येते, म्हणून ज्या गावात जाणार तिथलं शाळेचं कॅलेंडर आधी मागवा आणि मगच तारखा पक्क्या करा. सप्टेंबर किंवा नोव्हेंबर मला सगळ्यात बरे वाटतात, सलग वर्ग बघायला मिळतात.

दुसरं, आपलं कॉलेज. एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, नियमाप्रमाणे दोन वर्षांत मिळून 20 आठवडे शालेय अनुभव आणि त्यातले 16 दुसऱ्या वर्षात, इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते. तिकडचे दिवस यात धरणार की परत आल्यावर भरून काढायचे हे प्राचार्यांकडून आणि विद्यापीठाकडून निघायच्या आधी लेखी घ्या. तोंडी "बघू, होईल" यावर अजिबात निघू नका.

कागदपत्रं थोडक्यात सांगते. 90 दिवसांपर्यंत राहणार असाल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा), अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी 30,000 युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. त्याहून जास्त राहायचं असेल तर शिक्षणासाठीचा रेसिडेन्स परमिट, तो एंटर फिनलंड या सरकारी साइटवर भरायचा, मग ओळख पटवायला आणि बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं, आणि खर्चासाठी पैसे आहेत हे दाखवावं लागतं. आकडा मधे वाढलाय, त्यामुळे सीनियरने सांगितलेला जुना आकडा धरू नका, साइटवर बघा. मुलांबरोबर काम म्हणून तिथली शाळा पोलीस क्लिअरन्स मागू शकते, तेही आधीच विचारून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारणारच, तुमच्या वर्गात किती मुलं असतात, मागे पडलेल्या मुलाचं तुम्ही काय करता, पालक शाळेत कधी येतात. याचं उत्तर "इन इंडिया" म्हणून सुरू केलंत की संपलंच, कारण अख्ख्या भारताबद्दल तुम्हाला काय माहीत असणार? पण तुमच्या सराव शाळेतल्या सहावी ब बद्दल तुम्ही नक्की सांगू शकता. म्हणून निघायच्या आधी दोन-तीन आठवडे एक वही फक्त यासाठी ठेवा. एका तासात शिक्षक किती वेळ बोलतात आणि मुलं किती, कोणत्या मुलाला दिवसभरात कोणीच प्रश्न विचारला नाही, परिपाठाला किती वेळ जातो, पोषण आहाराच्या वेळी शिक्षक कुठे असतात. जमलं तर एक दिवस जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत जाऊन बसा, एकाच खोलीत पहिली-दुसरी कशी सांभाळतात ते नीट लिहून घ्या. फिनलंडच्या खेड्यांतही दोन इयत्ता एकत्र बसवणाऱ्या छोट्या शाळा आहेत आणि पट कमी म्हणून त्या बंद होत आल्यात, हा प्रश्न आपल्याकडे किती पेटलेला आहे ते तुम्हाला माहितीये, तिथल्या शिक्षकांशी यावर खरी चर्चा होऊ शकते.

ही वही नसेल तर नजर फक्त फर्निचरवर जाते, मुलांच्या हातातल्या टॅबवर जाते. वही असेल तर तेच प्रश्न तिथल्या वर्गाला लावता येतात. उदाहरणार्थ, तिथे बहुतेक शाळांत 45 मिनिटांच्या तासामागे साधारण 15 मिनिटं सुट्टी आणि थंडीतही मुलं बाहेर. दुपारचं जेवण सगळ्या मुलांना मोफत, 1948 पासून, आणि शिक्षक बऱ्याचदा मुलांच्याच टेबलावर जेवतात, ते शिकवण्याचाच भाग धरलं जातं. हस्तकला 1866 पासून सक्तीचा विषय आहे, आज मुलगे-मुली दोघंही शिवण आणि सुतारकाम दोन्ही करतात. आपल्याकडे कार्यानुभवाचा तास गणिताला जातो, हे तुमच्या वहीत लिहिलेलं असेल तर या गोष्टीचं वजन कळेल.

आणि प्लीज, व्हॉट्सॲपवरचं "होमवर्क नाही, परीक्षा नाही, सगळ्यात पुढे" असलं फिनलंड डोक्यातून काढून जा. तिथे होमवर्क असतो. बारावीच्या तोडीची मॅट्रिक परीक्षा 1852 पासून चालू आहे. 2006 नंतर त्यांचे पिसाचे (15 वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) गुण घसरत आलेत आणि त्याची त्यांना स्वतःला काळजी वाटते, विचारलं तर मोकळेपणाने बोलतात.

एक पाठ इथूनच तयार करून न्या, 45 मिनिटांचा, टाचणासकट. ताजमहालाचे फोटो दाखवणारं प्रेझेंटेशन नको. खालच्या वर्गांतल्या मुलांना इंग्रजी अजून नीट येत नसतं, म्हणून बोलणं कमी आणि हाताला काम जास्त असा घ्या. चौकटीच्या कागदावर ठिपक्यांची रांगोळी घेऊन सममिती शिकवणं झकास जमतं, आधी तुमच्या सराव शाळेत एकदा घेऊन बघा, वेळेचा अंदाज येतो.

मुलं शिक्षकांना नावाने हाक मारतात, तुम्हालाही मारतील, त्यात अपमान काही नाही. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय काढायचेच नाहीत, मग ते रिपोर्टसाठी असले तरी. फोटोऐवजी वर्गाच्या बसण्याच्या रचनेचं चित्र वहीत काढा, रिपोर्टला तेच जास्त कामी येतं.

सामानात जाड लोकरी मोजे जास्तीचे घ्या, कारण बऱ्याच शाळांत बूट दारात काढतात, आणि घालायला-काढायला सोपे वॉटरप्रूफ बूट, कारण सुट्टीत शिक्षकांबरोबर तुम्हीही मैदानावर उभे असणार. भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या चालतात. पण तूप, पेढे, खवा नेऊ नका, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे आणि एअरपोर्टवर ते काढून घेतात, हे आईला बॅग भरायच्या आधीच सांगून ठेवा.